तंजावर : राजांचे आणि रांगत्या बाळांचे

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनापुढे प्रथम व्यंकोजी राजे उभे राहतात, मग सरस्वती महालातील पोथ्या, आणि त्यानंतर राजराज चोळाचे ते भव्य मंदिर. हा क्रम स्वाभाविक आहे. शिवछत्रपतींच्या या सावत्र बंधूंनी १६७६ च्या सुमारास येथे आपली सत्ता स्थापिली आणि १८५५ पर्यंत ती भोसल्यांच्या घराण्यात नांदली. जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे मराठी भाषा कावेरीच्या काठी दरबारात बोलली गेली, नाटकांत गायिली गेली आणि दगडावर कोरली गेली. बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचता येतो. परमुलखात आपली अक्षरे अशी ओळीने उभी पाहून कोणाही मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकते.

परंतु वाचकहो, आज आम्ही आपणांस ज्या तंजावरची ओळख करून देणार आहोत, ते राजवाड्याहून आणि मंदिराहून पुष्कळ ठेंगणे आहे. जमिनीपासून त्याची उंची फार तर दीड हात. ते पाळण्यात असते, झोळीत असते, आजीच्या मांडीवर असते, आणि योग्य वेळ आली म्हणजे गुडघ्यांवर रांगत उंबरठ्यापर्यंत येते. ज्या बाळांना हा उंबरठा गाठण्यास इतरांहून अधिक वेळ लागतो, त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, आणि त्या सांगताना तंजावर शहरही दाखवावे, असा हा बेत आहे. या दोहोंचा मेळ कसा बसतो, ते हळूहळू ध्यानात येईल.

चेन्नईहून मयिलाडुतुरै आणि कुंभकोणम या मार्गाने आगगाडी तंजावरकडे येऊ लागली की दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे पसरतात. कावेरी येथे एक नदी राहत नाही. ती अनेक फाटे फोडून शेताशेतांत जाते. शहरात शिरताच दुरून मंदिराचे विमान दिसते. १०१० साली पूर्ण झालेले हे शिखर सुमारे साठ मीटर उंच आहे. तेथील लोक त्यास साधेपणाने ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, म्हणतात.

या मोठ्या देवळाच्या बाहेर लहानांची दुकाने आहेत. तेथे तंजावरची प्रसिद्ध बाहुली विकावयास मांडलेली असते. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टि बोम्मै’ म्हणतात. म्हणजे मान डोलावणारी बाहुली. २००८-०९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे दोन प्रकार आहेत. एक नर्तकीची, तिचे डोके, धड आणि घागरा निरनिराळे असून एकमेकांवर तोललेले असतात, आणि नुसत्या वाऱ्याने ती मान हलविते. दुसरी राजा-राणीची, तिचा तळ गोल आणि जड असतो. हिला आडवी पाडा, ती पुन्हा उभी राहते. सारा भार तळाशी असल्यामुळे तिला उभे राहण्यावाचून गत्यंतरच नसते.

मुलांना ही बाहुली फार आवडते, आणि त्यांना ती आवडण्याचे कारण उघड आहे. मान सावरणे, तोल सांभाळणे, पडून पुन्हा उठणे, हेच तर त्यांच्या आयुष्यातील पहिले महत्कार्य असते. बाहुलीला ते जन्मजात साधते. बाळाला ते महिन्यामहिन्याने शिकावे लागते.

तमिळ लोकांनी हे महिने फार प्राचीन काळापासून मोजले आहेत. त्यांच्या वाङ्मयात ‘पिळ्ळैत्तमिळ्’ नावाचा एक काव्यप्रकार आहे. त्यात कवी आपल्या आराध्यदेवतेस किंवा राजास तान्हे बाळ कल्पून त्याच्या बाळपणाच्या दहा अवस्था गातो. त्यांतील एक ‘चेंगीरै’. सुमारे पाचव्या महिन्यात बाळ हातांवर भार देऊन मान वर उचलते आणि डोलविते, ती ही अवस्था. पुढे ‘ताल्’, म्हणजे जीभ. अंगाईगीतास तमिळमध्ये ‘तालाट्टु’ म्हणतात ते याच शब्दावरून. नवव्या महिन्याच्या आसपास ‘सप्पाणि’, म्हणजे टाळ्या वाजविणे. वर्षाच्या सुमारास ‘वरुगै’, म्हणजे चालत ये अशी बाळाला केलेली विनवणी. त्यानंतर ‘अंबुलि’, म्हणजे चांदोमामाला खेळावयास बोलावणे.

आता या अवस्था आपल्या मराठी घरातल्या शब्दांशेजारी ठेवून पाहा. मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, बसते होणे, रांगणे, धरून उभे राहणे, पहिले पाऊल टाकणे. हीच ती शिडी. आमच्या आज्यांनी ती ओव्यांतून आणि उष्टावणापासूनच्या संस्कारांतून जपली, तमिळ कवींनी ती काव्यात बांधली. बाळाच्या विकासाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची रीत ही काही परदेशातून आलेली नाही.

मग अलीकडच्या वैद्यकाने यात कोणती भर घातली? त्याने या पायऱ्यांना मर्यादा घालून दिली. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की निरोगी मुलांतही पुष्कळ फरक असतो. कोणी आठव्या महिन्यातच चालू लागते, तर कोणी सतराव्यात. शंभरांत चार मुले तर मुळी रांगतच नाहीत. ती बसता बसता एकदम उभी राहतात. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करून झुरणे व्यर्थ होय. परंतु या मोकळेपणालाही एक कड आहे. बाळ आधारावाचून बसावयास नऊ महिने उलटून गेले, किंवा स्वतःहून चालावयास अठरा महिने उलटून गेले, तर तो फरक स्वाभाविक समजून स्वस्थ बसू नये, तज्ज्ञास दाखवावे.

आपल्या भाषेत ‘पाहणे’ आणि ‘वाट पाहणे’ हे शब्द एकाच धातूचे आहेत. बाळाच्या बाबतीत मात्र त्यांत फार मोठे अंतर पडते. जी माता पाहते, ती बाळाला वाचविते. जे घर वाट पाहते, ते पुष्कळदा बाळाचे सर्वांत मोलाचे दिवस घालविते.

वाट पाहण्याची कारणे प्रेमळच असतात. ‘याचा बापही तीन वर्षांनी बोलला,’ असे आजी म्हणते. ‘मुलगे उशिरा बोलतात,’ असे शेजारीण सांगते. तंजावरात याहून निराळे एक कारण ऐकू येते, आणि ते आमच्या वाचकांपैकी अनेकांना लागू पडेल. या शहरात आजही काही मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरात तंजावरी वळणाची मराठी आणि अंगणात तमिळ. अशा घरातील मूल बोलावयास लागले नाही तर दोष दोन भाषांना दिला जातो. बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतांत राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या घरीही हेच घडते. परंतु अभ्यासकांचा निर्वाळा असा आहे की दोन भाषा ऐकल्याने बोलण्यात विकार उत्पन्न होत नाही. द्वैभाषिक मूल दोन्ही भाषांतले शब्द मिसळील, एका भाषेत थोडे मागे राहील; परंतु दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजले तर ते इतरांच्या बरोबरीने असते. दीड वर्षाच्या मुलापाशी कोणत्याही भाषेतला एकही शब्द नसेल, तर दोष भाषेत शोधू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

येथे कोणी विचारील की चार-सहा महिन्यांचा एवढा बाऊ कशासाठी? मूल मोठे झाल्यावर उपचार करता येणार नाहीत काय?

उपचार करता येतील. परंतु त्यांचे फळ तेवढे राहणार नाही. जन्मल्यापासून तीन वर्षांत मेंदूची वाढ प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत होते. या काळात मेंदूतील जोडण्या झपाट्याने होतात, आणि ज्या वापरल्या जातात त्या टिकतात. काही विकारांत तर दिवस मोजावे लागतात. जन्मतःच अवटु ग्रंथी मंद असलेल्या बाळास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची बुद्धी बहुधा इतर मुलांसारखी वाढते; महिने गेले तर झालेली हानी भरून येत नाही. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासावा लागतो, नाहीतर टाळता येणारे अंधत्व पदरी येते. ऐकू न येणाऱ्या बाळासाठी एक-तीन-सहा असा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. आत वळलेले पाऊल जन्मानंतर लवकर आणि दर आठवड्यास बदलावयाच्या प्लास्टरने बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते.

आणि केवळ मायेचा, सहवासाचा परिणाम किती होतो? अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३० नंतरच्या दशकात हॅरॉल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने एक गोष्ट पाहिली. अनाथालयातील, मतिमंद म्हणून नोंदलेली तेरा लहान मुले एका दुसऱ्या संस्थेत हलविण्यात आली. तेथील स्त्रिया आणि मोठ्या मुली त्यांना कडेवर घेत, त्यांच्याशी बोलत, खेळत. पाहता पाहता मुले सुधारू लागली. गर्दीच्या अनाथालयात राहिलेली बारा मुले मात्र मागे पडत गेली. १९६६ मध्ये स्कील्सने दोन्ही गटांचा पुढील वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्या तेराही जणांचा संसार स्वतःच्या पायांवर उभा होता. दुसऱ्या गटातील कित्येक अद्याप संस्थांतच होते. कोणतेही औषध दिले नव्हते. दिले होते ते माणूस.

या दोन गोष्टी, म्हणजे बारकाईने पाहणे आणि वेळेवर माणूस देणे, तंजावरच्या इतिहासातही सापडतात. सरफोजी राजे (१७९८ ते १८३२ या काळातील अधिपती) वैद्यकाचे मोठे व्यासंगी होते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींची औषधे होत. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे त्यांनी करवून ठेविली. रोग्याचा डोळा कसा होता, काय उपचार केले, पुढे काय झाले, हे त्यांत नोंदले असून डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. ही कागदपत्रे सरस्वती महालात जतन झाली आहेत. आपल्याच घराण्याने बांधलेल्या छत्रांविषयी, म्हणजे प्रवाशांच्या अन्नछत्रांविषयी, सरफोजींनी १८०१ साली इंग्रज अधिकाऱ्यांस एक पत्र लिहिले होते. छत्रांत केवळ जेवण मिळत नसे. तेथे शिक्षक असे, आजारी वाटसरूला औषध मिळे, गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई आणि अनाथ बालकांचा सांभाळ होई, असे त्यात सांगितले आहे. तंजावरपासून जवळच ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्राची इमारत त्या काळाची साक्ष देते. राज्य गेले, परंतु लेकुरवाळीला दारात थांबवून तिची विचारपूस करावी ही कल्पना काही गेली नाही. आजच्या दिवसांत तिने शासकीय रूप धारण केले आहे.

या रूपाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रात झाला, हे थोड्यांस ठाऊक असेल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंग, पोषणातील उणिवा, बालपणीचे रोग आणि विकासातील मंदपणा अशा चार गोष्टींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावयाची, हे त्याचे स्वरूप. प्रसूतिगृहात जन्मतःच पाहणी होते. सहा आठवड्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना फिरते पथक अंगणवाडीत येऊन वर्षातून दोनदा पाहते. त्यापुढे शाळेत वर्षातून एकदा. ज्या बाळात काही उणे वाटेल त्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडतात. नाव अंमळ कठीण आहे. अर्थ सोपा आहे: लवकर हात देण्याचे ठिकाण. तपासणी आणि उपचार विनामूल्य असतात.

तंजावर जिल्ह्यातील ही सेवा तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांशी जोडलेली आहे. शहराच्या जुन्या भागात असलेले राजा मिरासुदार रुग्णालय याच महाविद्यालयाचे असून माता आणि बालकांसाठी ते विशेष ओळखले जाते. त्याच्या नावातच राजा आणि मिरासदार असे दोन्ही शब्द एकत्र आहेत. सकाळी अशा ठिकाणी बाहेरच्या बाकांवर खेड्यापाड्यांतून आलेल्या माता बसलेल्या असतात. खांद्यावर बाळ, हातात दुधाची बाटली आणि कागदांची पिशवी.

आत काय चालते, याची अनेकांना भीती वाटते. यंत्रे असतील, सुया असतील, असे वाटते. प्रत्यक्षात जमिनीवर एक जाड चटई असते, काही खुळखुळे, एखादा मोठा चेंडू, एक आरसा. फिजिओथेरपिस्ट बाळाला पालथे घालून त्याच्या छातीखाली साडीची घडी ठेवते आणि पुढे खुळखुळा वाजविते, म्हणजे त्याने मान उचलावी. बोलण्याचे शिक्षण देणारा तज्ज्ञ मातेला सांगतो की बाळाला न्हाऊ घालताना हाताचे, पायाचे नाव घेत जा, आणि उत्तरासाठी क्षणभर थांब. कान तपासणारा निराळा, डोळे पाहणारा निराळा, मनाची वाढ पाहणारा निराळा. परंतु सर्वांचे मिळून मातेला सांगणे एकच, की येथे आठवड्यातून अर्धा तास, आणि घरी दिवसभर.

या ‘दिवसभर’ शब्दातच सारे मर्म आहे. बाळाचा खरा शिक्षक केंद्रात नसतो, घरात असतो. म्हणून तज्ज्ञ घरातल्याच वस्तू मागतात. तमिळ घरांत तुळईला साडी बांधून केलेली झोळी असते, तिला ‘तूळि’ म्हणतात. आमच्याकडेही ती आहे. बाळ तीत सुखाने झोपते, आणि झोळी वाईट नव्हे. परंतु जागे असलेले बाळ दिवसभर झोळीत राहिले तर त्याला हातापायांवर जोर देण्याची संधी मिळत नाही. त्यास जमिनीवर सोडावे. आमचा पांगुळगाडा तमिळ देशात ‘नडैवंडि’ या नावाने मिळतो. उभे राहू लागलेल्या बाळाने तो ढकलावा, यात हरकत नाही. मात्र बाळाला आत बसवून चाके फिरवावयाचा नव्या तऱ्हेचा वॉकर घेऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्याने चालणे लवकर येत नाही, आणि अपघात मात्र होतात. आणि तेल लावून न्हाऊ घालण्याची दोन्हीकडची जुनी रीत? ती तर पाहण्याची सर्वोत्तम वेळ. रोज अंग चोळणाऱ्या हातालाच प्रथम कळते की एक पाय ताठ लागतो आहे, की सारे अंग पिठाच्या गोळ्यासारखे ढिले आहे. त्या हाताचे म्हणणे घरातील पुरुषांनी ऐकले पाहिजे.

अडचण असते ती अंतराची. भाताच्या लावणीचे दिवस आले की मजुरी सोडून दर आठवड्यास शहरात येणे सोपे नसते. तामिळनाडूत २०२१ पासून साध्या शहर-बसमध्ये स्त्रियांना तिकीट माफ झाले, त्याने थोडा भार उतरला; परंतु बुडालेला रोज कोण भरून देणार? या प्रश्नाचे एक उत्तर याच राज्याच्या दक्षिणेस, तेनकाशीजवळच्या आयिकुडी गावी शोधले गेले. तेथे एस. रामकृष्णन् यांनी १९८१ साली अमर सेवा संगम स्थापिला. तरुणपणी मणक्याला झालेल्या दुखापतीने ते स्वतः अपंग झाले होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संस्थेचे शिकविलेले ग्रामीण कार्यकर्ते बाळाच्या घरी जातात, मातेबरोबर व्यायाम करवून घेतात आणि प्रगतीची नोंद मोबाइलवर करून दूरच्या तज्ज्ञांस कळवितात. मातेने केंद्राकडे जावयाचे, त्याऐवजी केंद्रच तिच्या ओसरीवर येते. चेन्नईच्या मधुरम् नारायणन् केंद्राने ‘उपनयन’ या नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात बाळाच्या कौशल्यांची लहान लहान पायऱ्यांत वाटणी असून मातेला एकेक पायरी घरी शिकवावयास सांगतात. उपनयन म्हणजे जवळ नेणे, हा अर्थ येथे किती चपखल बसतो!

महाराष्ट्रातही हे काम जुने आहे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली, तेव्हा मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुले शिकू शकतात हेच लोकांना पटवावे लागे. २००१ साली मुंबईत उम्मीद हे बालविकास केंद्र सुरू झाले. केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय व प्रादेशिक संस्थांत सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी एकत्र अशी चौदा केंद्रे उघडली. त्यांत मुंबई आणि चेन्नई ही दोन्ही शहरे आहेत. म्हणजे आपण कोठेही राहत असा, विचारण्यास दार आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लवकर उपचार केले म्हणून प्रत्येक मूल इतरांसारखे होईल, असे नाही. काही मुले उशिरा का होईना धावू लागतील. काही काठीच्या आधाराने चालतील. काहींना आयुष्यभर कोणाच्या तरी हाताची गरज लागेल. परंतु जे मूल स्वतःच्या हाताने घास घेऊ शकते, तहान लागली तर खुणेने सांगू शकते, बसून घरातल्यांच्या गप्पांत हसू शकते, त्याचे आयुष्य आणि त्याच्या मातेचे आयुष्य, दोन्ही निराळी होतात. बाळ किती पुढे जाईल हे आरंभी कोणीही सांगू शकत नाही. लवकर आरंभ करणे एवढे आपल्या हाती असते.

दोष कोणाचा, हा प्रश्नही सोडून द्यावा. ग्रहणात सुरी धरली म्हणून, नजर लागली म्हणून, मातेने अमुक खाल्ले म्हणून, हे सारे बोल त्या बिचारीच्या डोक्यावर येऊन पडतात. कारणे बहुधा निराळी असतात: जन्मताना श्वास कोंडणे, अपुरे दिवस, वाढलेली कावीळ, काही वेळा आनुवंशिक दोष. तमिळ देशात मामा-भाचीची आणि आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होतात. अशा जवळच्या नात्यात काही आनुवंशिक विकारांचा, विशेषतः बहिरेपणाचा, संभव वाढतो. हे लग्न ठरविण्यापूर्वी जाणून घ्यावे. झालेल्या बाळाच्या आईला ऐकविण्यासाठी नव्हे.

आता आपल्या घरातील बाळाकडे पाहण्यासाठी काही खुणा सांगून हा लेख पुरा करू. तीन महिन्यांचे बाळ मातेच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, हलत्या वस्तूमागे डोळे नेत नसेल किंवा मोठ्या आवाजाने दचकत नसेल; पाच महिन्यांचे होऊन मान धरीत नसेल; वर्षाच्या आत एकच हात वापरून दुसऱ्याची मूठ सदा वळलेली ठेवीत असेल; वर्षाचे होऊन हाकेस वळून पाहत नसेल, बोटाने काही दाखवीत नसेल; दीड वर्षाचे होऊन चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल; दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडीत नसेल; आणि कोणत्याही वयात आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर तपासणी करून घ्यावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना, दोन वर्षांपर्यंत, जितके आठवडे ते आधी आले तितके वजा करावेत. तपासणीत काहीच निघाले नाही तर उत्तमच. एका दिवसाचा खर्च झाला, एवढेच. माता आणि बालकाच्या आरोग्यपत्रिकेत वयाप्रमाणे हे टप्पे छापलेले असतात. अंगणवाडीतील ताईंना, आशाताईंना किंवा तामिळनाडूत ग्राम आरोग्य परिचारिकेला ती पत्रिका दाखवून विचारावे.

तंजावरला गेलात तर मोठे देऊळ पाहाच, शिलालेखातील आपली अक्षरे वाचा, सरस्वती महालात सरफोजींचे ग्रंथधन पाहा. येताना घरच्या बाळासाठी एक डोलणारी बाहुली आणा. ती बाळापुढे ठेवून तिला हलकेच टिचकी मारा, आणि त्या वेळी बाहुलीकडे नव्हे, बाळाकडे पाहा. त्याचे डोळे तिच्यामागे जातात काय, त्याची मान वळते काय, हात पुढे येतो काय, आनंदाने ते आपल्याकडे पाहते काय. सारे ठीक असेल तर त्या हसण्यात आपणही हसावे. मनात काही खटकले तर पुढच्या सणाची, पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये. उद्या सकाळी अंगणवाडीत जावे.